जसे केस, तशी वेणी

वेणी घालणे आपल्याला नवे नाही. केसांचे तीन पेड करायचे. उजवा पेड मधल्यावर टाकायचा. मग डावा पेड मधल्यावर टाकायचा. असे करत करत खाली जायचे. शेवटी दोरा बांधला की झाली वेणी. सात-आठ वर्षांची पोरसुद्धा ही वेणी घालते.

पण वेणी एवढ्यावरच थांबत नाही. आफ्रिका खंडात वेणी घालणे ही मोठी विद्या आहे. तिकडे वेणी पाठीवर लोंबतेच असे नाही. ती डोक्याला चिकटून चालते. वळण घेते. गोल फिरते. एकाच डोक्यावर दहा, वीस, कधी शंभरावर वेण्या असतात. बाया तर वेण्या घालतातच, पण कित्येक जमातींत बाप्येही घालतात.

या पाठात आपण चार गोष्टी पाहू. तिकडचे केस कसे असतात? कोण कशी वेणी घालतो? ती घालायची कशी? आणि या वेणीपायी माणसांना काय सोसावे लागले? शेवटी काळजीच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्या आपल्याही घरी उपयोगी पडतील.

आफ्रिका कोठे आहे?

कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर अरबी समुद्र दिसतो. त्या समुद्राच्या पलीकडे, पश्चिमेला, आफ्रिका खंड आहे. आफ्रिका हा एक देश नव्हे. त्यात ५४ देश आहेत. आपल्या भारताच्या सुमारे ९ पट मोठा असा हा मुलूख आहे. तेथे हजाराहून अधिक भाषा बोलतात. तेव्हा "आफ्रिकेची वेणी" अशी एकच वेणी नाही. गावोगावी तऱ्हा निराळी.

आफ्रिकेशी आपली ओळख जुनी आहे. मुरूडजवळचा जंजिरा किल्ला सिद्दींच्या ताब्यात होता. त्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार पाहणारा मलिक अंबर हाही मूळचा तिकडचाच. त्याचा जन्म आजच्या इथिओपिया देशातला. त्या मुलखाला पूर्वी हबश म्हणत. त्यावरूनच आपल्याकडे हबशी हा शब्द आला.

केसांचा स्वभाव

शेतकरी आधी जमीन पाहतो, मग पीक ठरवतो. काळ्या रानात एक पीक, मुरमाड रानात दुसरे. केसांचेही तसेच आहे. आधी केसांचा स्वभाव ओळखावा, मग वेणी घालावी.

आपले केस बहुधा सरळ असतात, नाहीतर थोडे कुरळे असतात. आफ्रिकेतील पुष्कळ लोकांचे केस फार कुरळे असतात. काकडीच्या वेलाचा तणावा पाहिला आहे ना? तो जसा विळखे घेत जातो, तसा तो केस विळखे घेत वाढतो. याचे कारण कातडीच्या आत आहे. केस ज्या बारीक नळीतून उगवतो, ती नळीच वाकलेली असते. केसही गोल नसून चपटा असतो. म्हणून तो सरळ न वाढता वळत वाढतो.

डोक्याच्या कातडीतून थोडे तेल आपोआप सुटते. सरळ केसावरून हे तेल खाली उतरते. विळख्याच्या केसावरून ते उतरत नाही. मुळाशीच राहते. म्हणून हे केस टोकाकडे कोरडे पडतात. कोरड्या केसांत जोराने कंगवा घातला की ते तुटतात. वाऱ्याने, धुळीने, उशीवर घासून त्यांचा गुंता होतो.

मग असे केस वाईट का? मुळीच नाही. उन्हाच्या मुलखात हे केस फार गुणाचे आहेत. २०२३ साली शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसाच्या शरीरासारखा तापणारा एक पुतळा घेतला. त्याला सरळ केसांचा, कुरळ्या केसांचा आणि फार कुरळ्या केसांचा असे टोप आळीपाळीने घातले. वरून उन्हासारखे प्रखर दिवे लावले. फार कुरळ्या केसांखाली डोक्याला उन्हाची झळ सर्वांत कमी लागली. म्हणजे हे केस डोक्यावरचे छप्परच झाले.

आता या छपराची निगा कशी राखायची? तिकडच्या लोकांनी तीन उपाय शोधले. केसांना ओलावा द्यायचा. तेल किंवा लोणी चोळायचे. आणि केस विणून ठेवायचे. विणलेला केस वाऱ्यावर उडत नाही. त्याचा गुंता होत नाही. रोज कंगवा लावावा लागत नाही. तो कमी तुटतो. आणखी एक सोय आहे. विळख्याचे केस एकमेकांना धरून राहतात. म्हणून वेणी लवकर सुटत नाही. आपली वेणी रोज घालावी लागते. तिकडची वेणी कित्येक आठवडे टिकते.

म्हणजे वेणी ही नुसती शोभा नाही. ती केसांचे कुंपण आहे.

कोण कशी वेणी घालतो?

ही विद्या फार जुनी आहे. पश्चिम आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. तेथे नोक नावाच्या गावाजवळ कथलाची खाण खोदताना १९२८ साली भाजलेल्या मातीची मूर्ती सापडली. पुढे तशा पुष्कळ मूर्ती मिळाल्या. त्या दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. त्या मूर्तींच्या डोक्यांवर केसांची नाना परींची रचना कोरलेली आहे. म्हणजे तेव्हाही तेथे कुणाचे तरी हात केस बांधण्यात तयार झालेले होते.

याच नायजेरियात योरुबा नावाचे लोक आहेत. ते डोक्याला फार मान देतात. माणसाचे नशीब त्याच्या डोक्यात असते, अशी त्यांची समजूत आहे. म्हणून डोक्याला हात लावणाऱ्या बाईलाही मान. त्यांनी वेण्यांना मजेदार नावे दिली आहेत. कानांच्या वरून दोन्हीकडच्या वेण्या निघतात आणि डोक्याच्या मधोमध येऊन भेटतात. या तऱ्हेला ते "पातेवो" म्हणतात. पातेवो म्हणजे टाळी वाजवणे. दोन तळहात जसे एकमेकांना भिडतात, तशा या वेण्या भिडतात. दुसरी तऱ्हा "शुकू". चहूबाजूंच्या वेण्या टाळूवर गोळा करायच्या. मग डोके उपड्या टोपलीसारखे दिसते. तिसरी तऱ्हा "कोलेसे", म्हणजे पाय नसलेली. ही वेणी मानेपाशी येऊन संपते. तिचे टोक खाली लोंबत नाही. चौथी वेणी मानेकडून कपाळाकडे उलटी जाते. तिचे नाव "इपाको एलेदे", म्हणजे डुकराची मान! आपल्याकडे नाही का बाया लुगड्याच्या काठांना गमतीची नावे ठेवत? तसेच हे.

नायजेरियातील ओजेइकेरे नावाच्या छायाचित्रकाराने १९६८ सालापासून या केशरचनांची छायाचित्रे घेतली. लग्नात, बाजारात, रस्त्यात, जेथे चांगली वेणी दिसेल तेथे ते छायाचित्र घेत. अशी सुमारे एक हजार छायाचित्रे त्यांनी जमवली. ते २०१४ साली वारले. त्या छायाचित्रांत पुष्कळदा फक्त डोक्याची मागची बाजू दिसते. विणणारीच्या हाताचे कसब दाखवायला तेवढी पुरे.

पश्चिम आफ्रिकेत गाईगुरे पाळणारे फुलानी लोक आहेत. त्यांच्या बाया कपाळापासून मानेपर्यंत मधोमध एक वेणी घालतात. कानांजवळून दोन वेण्या गालांवर सोडतात. त्यांत कवड्या, मणी आणि चांदीची नाणी ओवतात.

दक्षिणेकडे नामिबिया देशात हिंबा लोक राहतात. तेही गुरे पाळतात. त्यांच्या भागात पाऊस फार थोडा. पाणी दुर्मिळ. तेथील बाया तांबडी माती म्हणजे काव आणि लोणी एकत्र कालवतात. हा लेप अंगाला आणि केसांना लावतात. त्याने उन्हापासून रक्षण होते आणि कातडी कोरडी पडत नाही. हिंबांमध्ये केस पाहून माणसाची ओळख पटते. लहान मुलीच्या दोन वेण्या पुढे कपाळावर येतात. मुलग्याची एकच वेणी मागे जाते. मुलगी वयात आली की तिला पुष्कळ बारीक वेण्या घालतात आणि तांबड्या मातीचा लेप देतात. लग्न झाले की ती डोक्यावर कातड्याचा लहान मुकुट बांधते. आपल्याकडे कुंकू आणि मंगळसूत्र जे सांगते, ते तेथे केस सांगतात.

पूर्वेकडे मसाई लोकांची वस्ती आहे. त्यांच्यात उलटा प्रकार आहे. बाया डोके भादरतात आणि तरुण गडी केस वाढवून बारीक वेण्या घालतात. तरुणपण संपून गडी संसाराला लागायचा झाला, म्हणजे मोठा विधी होतो. त्या वेळी त्याची आई आपल्या हाताने त्याचे केस उतरवते. इथिओपियातही राजे आणि लढवय्ये वेण्या घालत. एकोणिसाव्या शतकात तेथे तेवोद्रोस नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या चित्रांत त्याच्या डोक्यावर वेण्या दिसतात.

वेणी घालायची कशी?

डोक्याला चिकटलेली वेणी कशी घालतात, ते आता पाहू. अमेरिकेत या वेणीला मक्याच्या ओळी म्हणतात. वेस्ट इंडीज बेटांवर तिला उसाच्या ओळी म्हणतात. पेरलेल्या रानात ओळी दिसतात ना, तशा या वेण्या डोक्यावर दिसतात.

विणणारी बाई स्टुलावर बसते. जिचे केस विणायचे, ती खाली तिच्या गुडघ्यांमध्ये बसते. घरात हे काम आई, आजी, मावशी किंवा थोरली बहीण करते. धाकट्या मुली शेजारी बसून हात पाहतात. पाहता पाहता शिकतात.

पायरी १. केस आणि डोके स्वच्छ धुवावे. केस थोडे ओलसर असतानाच तेल किंवा लोणी चोळावे. पश्चिम आफ्रिकेत शिया नावाचे झाड आहे. त्याच्या बियांचे लोणी काढतात. तेच केसांना लावतात.

पायरी २. गुंता सोडवावा. रुंद दातांचा कंगवा घ्यावा. आधी केसांची टोके विंचरावी. मग थोडे वर, मग आणखी वर. मुळापासून एकदम कंगवा ओढू नये. ओढला तर गुंता घट्ट होतो आणि केस तुटतात.

पायरी ३. भांग पाडावा. कंगव्याच्या दांडीच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत दोन सरळ रेघा काढाव्या. दोन रेघांमध्ये केसांची एक पट्टी तयार होते. तेवढी पट्टी मोकळी ठेवून बाकीचे केस बाजूला बांधावे. पाभर वाकडी गेली की सारे पीक वाकडे दिसते. तसा भांग वाकडा गेला की वेणी वाकडी दिसते.

पायरी ४. कपाळाजवळ पट्टीतले चिमूटभर केस घ्यावे. त्यांचे तीन पेड करावे. कपाळाच्या कडेची बारीक लव मात्र यात ओढून घेऊ नये.

पायरी ५. येथे आपल्या वेणीत आणि या वेणीत फरक आहे. आपण पेड मधल्या पेडाच्या वरून टाकतो. येथे पेड खालून न्यायचा. डावा पेड मधल्याच्या खालून न्या. आता तो मधला झाला. मग उजवा पेड खालून न्या. आता तो मधला झाला. खालून नेल्यामुळे वेणी बांधासारखी वर उठून दिसते.

पायरी ६. प्रत्येक वेळी पेड मधे आला की त्यात पट्टीतले थोडे नवे केस मिळवा. नवे केस वेणीच्या खालचेच घ्या. शेजारच्या पट्टीतले घेऊ नका. बोटे डोक्याला टेकलेली ठेवा. हात वर उचलला तर वेणी डोक्यापासून सुटी पडते. दर वेळी सारखेच केस घ्या. म्हणजे वेणी सारख्या जाडीची होते.

पायरी ७. मानेपाशी पट्टी संपते. पुढचे केस साध्या तीन पेडांच्या वेणीने टोकापर्यंत विणा. टोकाला दोरा बांधा. हवे तर मणी ओवा. मग शेजारची पट्टी घ्या.

मोठ्या वेण्या असल्या तर तास-दोन तासांत काम होते. बारीक वेण्या असल्या तर सारा दिवस लागतो. दिवसभर दोघी-तिघी एकत्र बसलेल्या असतात. सुखदुःखाच्या गोष्टी निघतात. घरच्या मोठ्या बायकांचे शहाणपण पोरींच्या कानी पडते.

दोऱ्यानेही केस बांधतात. योरुबा बाया केसांची एक बट घेतात. तिच्या मुळाशी काळा दोरा बांधतात आणि टोकापर्यंत गुंडाळत जातात. मग ती बट काडीसारखी उभी राहते. अशा काड्या वाकवून, जोडून कमानी करतात. यात केसांना आच लावावी लागत नाही, आणि तरी विळखे सरळ होतात.

वेणीचा अपमान आणि वेणीचा मान

आता या पाठातला दुःखाचा भाग.

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातल्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतली माणसे गुलाम करून नेली. सुमारे सव्वा कोट माणसे जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेली. वाटेतच लाखो माणसे मेली. जहाजावर चढवताना पुष्कळदा त्यांची डोकी भादरत. वेणीवरून माणसाचे गाव, कूळ, वय कळे. डोके भादरले की ती ओळख गेली.

पण विद्या डोक्याच्या वर नव्हती. ती बोटांत होती. केस पुन्हा वाढले आणि मळ्यांत राबणाऱ्या बायांनी सुटीच्या दिवशी एकमेकींचे केस पुन्हा विणले. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात पालेंके नावाचे गाव आहे. पळून गेलेल्या गुलामांनी ते वसवले. तेथील लोक पूर्वजांची एक गोष्ट सांगतात. पळून जायची वाट बाया वेण्यांच्या वळणांत दाखवत आणि पेरायला लागणारे बी केसांत लपवून नेत, अशी ती गोष्ट आहे.

१७८६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात त्या वेळच्या गव्हर्नराने हुकूम काढला. आफ्रिकी वंशाच्या बायांनी केस दाखवू नयेत, डोक्याला फडके बांधावे, असा तो हुकूम. बायांनी फडके बांधले. पण असे रंगीत आणि डौलदार बांधले की तेच त्यांचे भूषण झाले.

दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट तर अलीकडची आहे. तेथे १९५० साली एक कायदा झाला. प्रत्येक माणसाची वर्णाप्रमाणे नोंद करायची. कोणी कोठे राहायचे, कोणत्या शाळेत जायचे, कोणाशी लग्न करायचे, हे सारे त्यावर ठरे. एखाद्याचा वर्ण ठरेना, तर त्याच्या केसांत पेन्सिल खोचत. पेन्सिल खाली पडली तर तो गोरा. केसांत अडकून राहिली तर तो गोरा नव्हे. एवढ्यावरून घरे फुटली. सख्खी माणसे वेगळी झाली.

विचार करा. ज्या पेन्सिलीने आपण अक्षर गिरवतो, तीच पेन्सिल तेथे माणसाला कमी ठरवायला वापरली. हा कायदा १९९१ साली रद्द झाला. १९९४ साली त्या देशात सर्व वर्णांच्या लोकांनी मत दिले.

तरी जुनी खोड लगेच जात नाही. २०१६ साली त्याच देशात प्रिटोरिया शहरातल्या एका शाळेतल्या मुली पुढे आल्या. "आमचे केस जसे उगवतात तसे ठेवले, तर शाळेत आम्हाला बोलणी बसतात," असे त्यांनी सांगितले. मुलींनी निषेध केला. साऱ्या देशाने तो ऐकला. शिक्षणखात्याने शाळेला केसांचा तो नियम थांबवायला लावले. अमेरिकेत २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. वेण्या किंवा कुरळे केस पाहून कोणाला नोकरी नाकारायची नाही, शाळेतून काढायचे नाही. पुढे आणखी बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले.

केस सरळ की कुरळे, हे आपल्या हाती नसते. ते आईबापांकडून येते. त्यावरून माणसाची किंमत करणे हा अन्याय आहे. आपल्याकडेही कुरळ्या केसांच्या पोरीला चिडवतात. काळ्या रंगावरून टोमणे मारतात. लग्न जुळवताना नावे ठेवतात. तोही अन्यायच.

काळजी: वर्गातील प्रश्न

हा पाठ वर्गात वाचला की बाया प्रश्न विचारतात. शिकवणाऱ्या बाई उत्तरे देतात.

"बाई, इतकी घट्ट वेणी. पोरींची डोकी दुखत नसतील?"

"दुखतात, मावशी. घट्ट ओढली तर दुखतात. आणि दुखणे ही खूण आहे. वेणी कधी दुखता कामा नये. रोज रोज केस ओढले गेले की मुळे सैल होतात. आधी कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात. मग तेथे टक्कल पडते."

"मग गेलेले केस परत येत नाहीत का?"

"लवकर ध्यानात आले आणि ओढणे थांबवले, तर येतात. वर्षानुवर्षे ओढत राहिले तर मुळे मरतात. मग केस येत नाहीत. म्हणून जाणत्या बाया हात सैल ठेवतात. वेणी झाल्यावर डोळे ताणले जात असतील, कपाळावर बारीक पुळ्या उठत असतील, तर ती वेणी लगेच सोडावी."

"पण बाई, आमच्याकडे म्हणतात की घट्ट वेणीने केस वाढतात."

"नाही, आजी. केस मुळातून वाढतो. महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर. ओढून तो लांब होत नाही. वेणीने केस तुटायचे थांबतात, म्हणून लांब झाल्यासारखे वाटतात. तुमच्या नातीची वेणीसुद्धा फार ताणून बांधू नका. घट्ट अंबाडाही रोज एकाच जागी नको."

"त्या लोकांचे केस इतके लांब कसे दिसतात?"

"पुष्कळ जणी वरून केस लावतात. आपल्याकडे गंगावन लावतात ना, तसेच. आता कारखान्यात केलेले धाग्याचे केस मिळतात. ते वेणीतच विणतात. पण फार जड लावले तर त्या वजनानेही मुळे ओढली जातात."

"अन् डोके धुवायचे कसे?"

"वेण्या तशाच ठेवून. पातळ साबणपाणी बोटांनी भांगांत चोळायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि पुरते वाळवायचे. ओल राहिली तर वास येतो, खाज सुटते. वेण्या फार तर सहा ते आठ आठवडे ठेवाव्या. मग सोडून केसांना विसावा द्यावा. डोक्यात खरूज, नायटा किंवा उवा असतील, तर आधी औषध करावे. तोवर वेण्या घालू नयेत. एकीचा कंगवा दुसरीला धुतल्याशिवाय लावू नये."

"पोर विणताना रडली तर?"

"तर हात थांबवावा. पोर रडते ती लाडाने नव्हे. तिला दुखत असते."

लक्षात ठेवा

१. केसांचा स्वभाव ओळखून वेणी घालावी.
२. कुरळे केस वाईट नाहीत. ते डोक्याला उन्हापासून राखतात.
३. वेणी घट्ट नको, नेटकी हवी.
४. दुखू लागले की वेणी सोडावी.
५. केसांवरून किंवा रंगावरून माणसाची किंमत करू नये.

करून पाहा

सुतळीचे तीन सारखे तुकडे घ्या. वरची टोके खिळ्याला बांधा. पहिल्यांदा पेड वरून टाकून वेणी घाला. मग सोडून पेड खालून नेऊन घाला. हाताला फरक कळेल. खालून नेण्याचा हात बसला, म्हणजे घरात कोणाच्या तरी केसांवर एकच लहान पट्टी घेऊन पाहा.

प्रश्न

१. फार कुरळे केस टोकाकडे कोरडे का पडतात?
२. हिंबा लोकांत मुलगी आणि मुलगा वेणीवरून कसे ओळखतात?
३. "पातेवो" या नावाचा अर्थ काय? ते नाव का पडले?
४. डोक्याला चिकटलेली वेणी घालताना पेड वरून न्यायचा की खालून?
५. दक्षिण आफ्रिकेत पेन्सिलीचा कोणता दुरुपयोग झाला?
६. तुमच्या आजीच्या काळी बाया केस कसे बांधत? तिला विचारा आणि पाच ओळी लिहा.

शब्दांचे अर्थ

पेड : वेणीसाठी केलेला केसांचा भाग
तणावा : वेल ज्याने आधार धरतो तो पीळदार तंतू
काव : तांबडी माती
बट : केसांचा लहान झुबका
गंगावन : वेणीत मिसळायचे वरचे केस
कसब : हातातली कला
निषेध : "हे आम्हाला मान्य नाही" असे उघड सांगणे